बचावफळीची वेगळी मीटिंग

सोमवार, २ फेब्रुवारी

ही डायरी क्लबकडून दर नव्या वर्षी मिळते. आजवर मी ती लेकीला चित्रं काढायला देऊन टाकायचो. यंदा पहिल्या पानांवरचे तिचे दोन हत्ती फाडून काढले आणि डायरी स्वतःकडे ठेवली, कारण क्लबात काहीतरी शिजतंय आणि उद्या कोणी विचारलं तर माझ्याकडे तारीखवार पुरावा हवा.

आधी मीटिंगांबद्दल. नवे कोच आल्यापासून आम्ही फुटबॉल कमी खेळतो आणि मीटिंगला जास्त बसतो. सोमवारी मागच्या सामन्याची मीटिंग, बुधवारी पुढच्या सामन्याची, आणि सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एक. कोचना सगळे तोंडावर सर म्हणतात आणि पाठीमागे मास्तर. मास्तर पडद्यावर बाण काढतात, वर्तुळं काढतात आणि शेवटी विचारतात, "कोणाला काही बोलायचंय?" अख्खा संघ मूग गिळून बसतो. इतकी वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळल्यावर माझं मत असं झालंय की मीटिंगमध्ये काहीही ठरत नाही. ठरायचं ते आधीच कुठेतरी ठरलेलं असतं.

मी मागच्या रांगेत दाराशी बसतो. गोलकीपरची सवय, दुसरं काय. मैदानावरही माझ्यासमोर सगळ्यांच्या पाठीच असतात. त्यामुळे पाठी मला चांगल्या वाचता येतात. आज मास्तर म्हणाले, "आपली डावी बाजू थोडी मोकळी सोडा. तिकडून लांबून मारायचं तर मारू द्या, गोलकीपर बघून घेईल. मधली जागा मात्र कोणी सोडायची नाही." हे वाक्य संपतं न संपतं तोच पहिल्या रांगेतल्या तीन माना एकमेकांकडे वळल्या आणि लगेच सरळ झाल्या. तिघेही आमचे बचावपटू. मधला उंच, कप्तान, त्याला सगळे खांब म्हणतात. त्याच्या जोडीचा घुम्या, जो बोलायचे पैसे पडत असल्यासारखा वागतो. आणि डाव्या बाजूचा भिंगरी, जो खुर्चीत बसला तरी पाय हलवत असतो.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

माझा करार या हंगामाअखेर संपतोय. छत्तीस वर्षांच्या गोलकीपरला आणखी एक वर्ष देणं म्हणजे उपकारच, असा चेहरा करून क्लबचा मॅनेजर हिंडतोय. उरलेले सामने नीट गेले तर करार, नाही तर घरी. घरी जाऊन मी काय करणार, हे मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्यामुळे डोळ्यात तेल घालून बसणं भाग आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

यंदाच्या जर्सी काखेत घट्ट शिवल्यात. सामानवाल्याला झापलं. तो म्हणाला, "आजोबा, मागच्या वर्षीचंच माप आहे, त्याच शिंप्याचं." (आजोबा म्हणजे मी. संघात वयाचा मान असा ठेवतात.) मी म्हटलं, मग डाव्या बाजूलाच का ओढते? तो माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही कोणीतरी कान भरून ठेवलेले दिसतात.

खांद्याला काही झालेलं नाही. डिसेंबरात एका सामन्यात डावीकडे पडलो होतो तेव्हा जरा मुरगळला होता, आता ठणठणीत आहे. हे लिहून ठेवतोय कारण फिजिओबाई उगाचच मागे लागल्यात, "एकदा येऊन दाखव" म्हणून. दाखवलं की त्यांच्या कागदावर येतं, कागद मॅनेजरकडे जातो. मी काही दूधखुळा नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

एक-एक बरोबरी. त्यांचा गोल मधूनच झाला. मध्ये नुसतं मोकळं रान होतं! खांब आणि घुम्या दोघेही डावीकडे पळालेले, भिंगरी तर तिथे होताच. एका माणसाला तिघे. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मधली जागा सोडायची नाही. समोरून आलेला बॉल मी काय डोक्याने अडवू?

कपडे बदलताना मी खांबला म्हटलं, "मध्ये कोण होतं रे? तुझा आत्मा?"

तो म्हणाला, "माझी चूक."

मला धक्काच बसला. गेली नऊ वर्षं आम्ही एकत्र खेळतोय, खांबने एकदाही चूक कबूल केलेली नाही. आम्ही भांडायचो, बाटल्या फेकायचो आणि नंतर एकाच गाडीतून घरी जायचो. जो माणूस भांडायचं सोडतो तो काहीतरी लपवतोय.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज पकडले!

सराव संपल्यावर मी हातमोजे विसरलो म्हणून परत फिरलो. कपडे धुवायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून खांबचा आवाज येत होता. मी दार ढकललं. यंत्राच्या झाकणावर त्यांनी बाटल्यांची बुचं मांडली होती. खांब, घुम्या, भिंगरी, तिघे वाकून बघत होते. मी दिसताच बोलती बंद. खांबने एका हाताने सगळी बुचं गोळा करून खिशात घातली. पण मी पाहायचं ते पाहिलं. गोलच्या जागी साबणाची वडी होती. वडी म्हणजे मी. आणि सगळी बुचं वडीच्या डाव्या अंगाला गर्दी करून होती, उजवीकडे आणि मध्ये एकही नाही.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही, गंमत," भिंगरी म्हणाला आणि लाल झाला. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा एकच गुण.

घुम्या माझे हातमोजे शोधून देऊ लागला. मी न मागता! घुम्या, जो कोणाला वेळ सांगत नाही.

म्हणजे बचावफळीची वेगळी मीटिंग होते, आणि त्या मीटिंगला गोलकीपर नसतो. गोलकीपरशिवाय बचावफळीला ठरवण्यासारखं काय असतं? फक्त गोलकीपर.

रविवार, १५ फेब्रुवारी

विचार करून करून डोकं दुखलं, पण आता सगळं जुळतंय. ते मध्ये जागा सोडतात, गोल माझ्या नावावर पडतात, मास्तर मला बाहेर बसवतात आणि नंबर दोन उभा राहतो. नंबर दोन म्हणजे आमचा राखीव गोलकीपर. पोरगा वाईट नाही, पण तो खांबच्या मेव्हण्याच्या वर्गात होता. हे मला कालच कळलं. आता बोला.

घरातही काही बरं नाही. हिचा फोन मी खोलीत आलो की संपतो. "कोण होतं?" विचारलं तर म्हणते, "खांबची बायको. सहजच." पूर्वी दोघींचं एवढं कधी नव्हतं. आणि आज माळ्यावरची बॅग काढायला मी हिला सांगितलं तर स्टुलावर चढताना ही माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा हात पोचला असता की रे." मी म्हटलं, मला पेपर वाचायचाय. ही खाली उतरली आणि कितीतरी वेळ स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आता बॅग काढायला सांगणं हाही गुन्हा!

शनिवार, २१ फेब्रुवारी

जिंकलो, पण कसं ते मला विचारा. डावीकडून एकसुद्धा बॉल माझ्यापर्यंत आला नाही. भिंगरी वेड्यासारखा धावत होता, शेवटी त्याच्या पायात गोळे आले आणि त्याला उचलून न्यावं लागलं. खांबने दोनदा तोंडावर बॉल घेतला. त्याचा ओठ फाटला. मधून मात्र चार वेळा त्यांचे लोक एकटे घुसले, ते सगळे मी अडवले, उजवीकडचे दोन तर अप्रतिम. लोकांनी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या.

डाव त्यांनी रचला आणि मी हाणून पाडला. तरी खांब येऊन मला मिठी मारतो, फाटक्या ओठाने हसतो, म्हणतो, "झकास, आजोबा! असंच अजून थोडे दिवस." थोडे दिवस म्हणजे काय? थोडे दिवसच का?

सोमवार, २३ फेब्रुवारी

मास्तरांची मीटिंग. पडद्यावर बाण. "मधली जागा का सुटते?" असं मास्तरांनी तीनदा विचारलं. खांब म्हणाला, "लक्ष ठेवतो सर." शेवटी नेहमीचं, "कोणाला काही बोलायचंय?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण चारचौघांत बोललो असतो तर तिघांनी कानावर हात ठेवले असते. गप्प बसलो.

बुधवार, २५ फेब्रुवारी

केलं. करायलाच हवं होतं.

सकाळी लवकर जाऊन मास्तरांच्या खोलीत बसलो आणि सगळं सांगितलं. धुण्याच्या खोलीतली मीटिंग, बुचं, साबणाची वडी, तुम्ही आखून दिलेली बचावाची लाइन मुद्दाम मोडली जाते, मध्ये मुद्दाम जागा सोडतात. मास्तर शांतपणे ऐकत होते. चांगले ऐकतात, हे कबूल.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी आठवून सांगितलं की डिसेंबरपासूनच. मी ज्या सामन्यात डावीकडे पडलो होतो त्याच्या पुढच्याच सामन्यापासून.

मास्तरांनी वर पाहिलं. "तू पडला होतास?"

"किरकोळ. त्याचा काही संबंध नाही."

"बरं. माझं नाव कुठे घेऊ नकोस, तुझं मी घेणार नाही," असं म्हणून त्यांनी व्हिडिओवाल्याला बोलावलं.

बाहेर पडलो तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. खांब गेटवरच भेटला, म्हणाला, "आज एवढ्या लवकर?" मी म्हटलं, झोप झाली नाही. तो म्हणाला, "सांभाळ रे स्वतःला." मला त्याची चीड आली. केसाने गळा कापायचा आणि वर सांभाळ म्हणायचं.

सोमवार, २ मार्च

आजची मीटिंग मी विसरणार नाही. शनिवारी सामना नव्हता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं लवकर सुटू. मास्तर बोलले नाहीत. नुसते व्हिडिओचे तुकडे दाखवत गेले, एकामागून एक. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. प्रत्येक तुकड्यात बॉल डाव्या बाजूला येतो आणि खांब आपली जागा सोडून तिकडे धावतो, मागोमाग घुम्या. पुन्हा. पुन्हा.

"माझी लाइन कोण मोडतं?"

"मी, सर," खांब उभा राहिला. "बाकीच्यांना मीच ओढतो."

"का?"

"मला तिकडून धोका वाटतो."

"कसला धोका? तिकडे मागे गोलकीपर उभा आहे ना?"

खांबने मान खाली घातली. घुम्याने तोंड उघडलं, खांबने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याने तोंड मिटलं. मी हे मागून पाहिलं.

मला वाटलं होतं की हे पाहताना मजा येईल. आली नाही. शेवटच्या तुकड्यात मी पण दिसतो, कोपऱ्यात. बॉल वरून डावीकडे जातोय, मी उडी मारतोय, उजवा हात वर आहे आणि डावा पोटाशी. बॉल खांबच्या डोक्याला लागून बाहेर जातो. व्हिडिओ लांबून काढलाय, नीट काही दिसत नाही. फिजिओबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

निकाल असा की खांब पुढच्या सामन्यात बाहेर. त्याच्या जागी इस्त्री. (कपड्याला आणि वागण्याला एकही सुरकुती नाही, मास्तर सांगतील तेवढंच करतो, म्हणून इस्त्री.) आणि कप्तान मी. मास्तरांनी कप्तानाची पट्टी माझ्याकडे दिली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकट्या खांबने वाजवल्या.

शनिवार, ७ मार्च

शून्य-तीन.

पट्टी डाव्या दंडावर होती. इस्त्री आपल्या जागेवरून तसूभर हलला नाही, मास्तरांनी सांगितलं होतं तसाच. डावी बाजू मोकळी. पहिला बॉल लांबून, उंच, असा की मी झोपेतसुद्धा बाहेर ढकलला असता. मी उडी मारली. हात गेला नाही.

दुसरा तसाच. तिसरा तर माझ्या डोक्यावरून, हळूच. तोवर त्यांच्या सगळ्यांना कळलं होतं कुठे मारायचं.

हात गेला नाही. लिहून झालं. डिसेंबरपासून जात नाही. जर्सीचं माप तेच आहे.

भिंगरी तिसऱ्या गोलनंतर माझ्यापाशी आला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी एकटा कुठे कुठे पुरणार रे?" एवढं बोलून निघून गेला. मी त्या वाक्याचा अर्थ घरी येईपर्यंत लावत होतो. लागला तेव्हा गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिलो.

मंगळवार, १० मार्च

संध्याकाळी खांबच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. निदान त्याच्या दारात उभं तरी राहावं.

पाहतो तर बाहेर भिंगरीची मोटारसायकल, घुम्याची गाडी आणि चक्क इस्त्रीची पण. म्हणजे मीटिंग! शनिवारी रस्त्यात गाडी थांबवून बसलेला माणूस मी, पण संशय काही जात नाही अंगातला. कान टवकारले. दाराशी चपला-बुटांचा ढीग होता आणि त्यात हिच्या चपला होत्या. ही मला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून निघाली होती. क्षणभर डोक्यात जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. माणसाने स्वतःपुरतंसुद्धा लिहू नये असं होतं ते.

वहिनींनी दार उघडलं. "भावजी, तुम्ही?" त्यांचा चेहराच पडला. मी ओठांवर बोट ठेवलं. त्या बाजूला झाल्या, आणि मी बैठकीच्या खोलीच्या अर्ध्या उघड्या दाराशी उभा राहिलो.

पहिला आवाज हिचाच. "कोपर खांद्याच्या वर येत नाही त्याचं. शर्ट घालताना आधी डावी बाही चढवतो आणि दात आवळून धरतो. मी बघत नाही असं त्याला वाटतं. पण खाली जातो हात, जमिनीलगत काही त्रास नाही."

"म्हणजे खालचे तो घेईल," खांब म्हणाला. "फक्त उंच बॉल यायला नको. ऐकलंस इस्त्री? भिंगरी पुढे दाबणार, तू पाच पावलं डावीकडे, घुम्या मध्ये एकटा. अवघड आहे, पण होतं."

"मास्तर मलापण बसवतील," इस्त्री म्हणाला.

"बसवतील. म्हणून तर विचारतोय, सांगत नाही. त्याचा करार होईपर्यंत. करशील?"

इस्त्रीच्या आधी भिंगरीच म्हणाला, "त्यापेक्षा त्यालाच सांगून टाकूया ना. मीपण थकलो आता."

"सांगितलं की संपला तो," खांब म्हणाला. "आपली एक बाजू गेलीय आणि आपल्याला झाकताहेत हे ज्या गोलकीपरला कळतं, तो दुसऱ्या बाजूलाही उडी मारत नाही. त्याला वाटत राहायला हवं की तो स्वतःच अडवतोय. उजवीकडे तो अजूनही वाघ आहे."

"आणि मास्तरांकडे चुगली कोणी केली? ते तरी कळू दे."

"ते मला माहीत आहे."

"कोण?"

"शनिवारचं बोल, भिंगरी."

"नाही, नाव सांग. मी बघतो त्याच्याकडे."

"शनिवारचं बोल म्हटलं ना!"

मला पुढे ऐकवेना. मी दार ढकलून आत गेलो. ही उभी राहिली, तिचा हात तोंडावर गेला. घुम्या उठला, आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. पहिल्यांदाच मला या मीटिंगमध्ये जागा मिळाली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा उठता आलं नसतं.

मी तिथेच, सगळ्यांसमोर मास्तरांना फोन लावला. "सर, माझा डावा हात वर जात नाही. डिसेंबरपासून. खांबने तुमची लाइन मोडली ती माझ्यापायी, आणि मला ते माहीत नव्हतं. शनिवारी नंबर दोनला उभा करा. खांबला परत घ्या."

मास्तर म्हणाले, "हे मीटिंगमध्ये का नाही बोललं कोणी? मी दर वेळी विचारतो."

"सर, तिथे बोललं की ते पडद्यावर येतं," मी म्हणालो.

त्यांनी फोन लगेच ठेवला नाही.

निघताना खांब फाटकापर्यंत आला. ही पुढे जाऊन गाडीत बसली होती. मी म्हटलं, "तुला कधी कळलं? माझं?"

"त्याच मीटिंगमध्ये. तुकडे बघताना. मी कोणत्या क्षणी जागा सोडतो, घुम्या कधी वळतो, हे बरोबर हेरून काढले होते. एवढं आम्हांला मागून कोण बघतो रे? तू एकटाच."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पोरं तुझ्यासाठी धावली नसती."

हे तो रागाने बोलला नाही. मला वाटतं रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "मला येऊन विचारायचं होतंस, आजोबा. नऊ वर्षं झाली. दोन शिव्या द्यायच्या आणि विचारायचं." आणि फाटक लावून आत गेला. आमची मैत्री आता काय आहे, ते मला त्याच्या पाठीवरून वाचता आलं नाही.

गाडी घराजवळ आल्यावर ही म्हणाली, "मी त्याच्याकडे गेले कारण तू मला कधीच सांगितलं नसतंस." मी हो म्हटलं.

गुरुवार, १२ मार्च

फिजिओबाईंनी तपासलं. शस्त्रक्रिया करावी लागणार. "आधी आला असतास तर" एवढंच म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. मॅनेजरने करार होणार नाही हे फोनवर सांगितलं, अगदी गोड आवाजात. मी आभार मानले. कसे मानले कोण जाणे.

शनिवार, १४ मार्च

आज पहिल्यांदा सामना बाजूने पाहिला, प्रेक्षकांत बसून, लेकीला शेजारी घेऊन. गोलमध्ये नंबर दोन. पट्टी खांबच्या दंडावर.

पोरगा चांगला आहे. दोन्ही हात कानाच्या वर सरळ जातात. मास्तरांनी सकाळी सांगितलंच असणार, डावी बाजू मोकळी सोडा, गोलकीपर बघून घेईल.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्यांचा एक जण आमच्या डावीकडून बॉल घेऊन निघाला. लांब होता, मारण्यासारखा नव्हताच. आणि भिंगरी सुटला. मागोमाग घुम्या मधली जागा सोडून. त्याच्या मागे खांब, जीव तोडून. डोकी पुढे, हात मागे. गरज नव्हती. मध्ये सगळं मैदान उघडं पडलं आणि नंबर दोन ओरडला, "अरे कुठे चाललात? मी आहे ना!"

खांब धावता धावता थबकला. त्याने दोघांना हाक मारली, "नको! आता नको रे!" तिघेही हळूहळू आपापल्या जागी परत आले. घुम्याने कपाळाला हात लावला.

"बाबा, ते तिघं तिकडे कशाला पळाले?" लेकीने विचारलं.

मी म्हटलं, "सवय आहे त्यांना."

"कसली?"

इतक्या सामन्यांत मी त्यांना मागून धावताना पाहिलं होतं आणि मला नुसत्या पाठी दिसल्या होत्या. आज त्यांचे चेहरे दिसले. मला रडू आलं, आणि मी ते लेकीपासून लपवलं नाही.